अमरावतीच्या बाजारातला समुद्र

भाऊजी गेल्याची बातमी मला अकोल्याच्या कापसाच्या बाजारात, काट्याजवळ उभा असताना कळली, आणि तीही सरळ कळली नाही. बडनेऱ्याहून आगगाडीने आलेला एक ओळखीचा अडत्या माझ्यापाशी आला, समोरच्या ढिगातला कापूस उगाच चिमटीत धरून पाहिला, टाकून दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "बापू, आज अमरावतीले समुद्राचा हाल कोनी सांगितला नाई." मी हातातलं काम तिथंच ठेवलं आणि बहिणीकडे निघालो. त्याला आणखी काही विचारायची गरजच नव्हती. माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान बळीरामजी, गेली कित्येक वर्षं रोज सकाळी बाजाराच्या तोंडाशी असलेल्या निंबाच्या पारावर उभे राहून मुंबईकडच्या समुद्राची खबर सांगत. घरात लग्न असो, अंगात ताप असो, गावात असले की ही हजेरी त्यांनी कधी चुकवली नाही. समुद्र अमरावतीहून इतका लांब, की पूर्वी बैलगाड्यांबरोबर पायी निघालेल्या माणसाचे नवे जोडे वाटेतच फाटत. पारावरच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी पूर्णेपलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. तरी भाऊजी सांगत आणि माणसं ऐकत.

भाऊजी कापसाचे दलाल होते. अंगाने आडवेतिडवे, पोट पुढे, त्यावर उपरण्याची घडी आणि डोक्यावर लाल पागोटं. आवाज असा, की त्यांनी घरात पाणी मागितलं तर शेजारची बाई तांब्या भरून ठेवायची. सौद्याच्या वेळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा असतो, पण भाऊजींना गप्प राहून सौदा करणं जमत नसे. बोटं दाबता दाबता तोंडाने "अजून चढ, अजून चढ" म्हणत आणि सगळ्या बाजाराला भाव कळायचा. असा माणूस दलालीत टिकला हेच नवल. पण ते दिवसच तसे होते. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला एकाएकी असा भाव आला होता की वेड्यालाही दलाली जमावी. लोकांना पैसा कुठं ठेवावा ते कळेना. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. मोर्शीकडच्या एका पाटलाने मुंबईहून भलंमोठं झुंबर आणलं आणि ते टांगण्याइतकं उंच छप्पर नाही म्हणून गोठ्यात ठेवलं.

त्याच दिवसांत भाऊजी गाड्यांबरोबर कापूस घेऊन मुंबईला गेले. येताना काय आणतात म्हणून माझी बहीण, अक्का, रोज वाट बघत होती. शेजारणींच्या घरी बिलोरी आरसे आले होते, टोल्यांची घड्याळं आली होती. भाऊजींनी गाडीतून उतरवली एक फळी. जुनी, पुरुषभर लांबीला थोडी कमी, एका टोकाला किंचित वर वळलेली, आणि मासळीच्या वासाने दरवळणारी! अक्का शुद्ध माळकरी घरातली. ती नाकाला पदर लावून म्हणाली, "अवो, हे काय आनलं?" भाऊजी म्हणाले, "फळी हाये. कोळ्याच्या होडीची." "थे दिसून राहिलं मले. काहून आनली?" यावर भाऊजींनी जे उत्तर दिलं ते ऐकून अक्का आत निघून गेली. ते म्हणाले, "समुद्रावर निजाले." तिने ती फळी राख आणि चिंच लावून अंगणात घासली, उन्हात टाकली, पुन्हा घासली. वास गेला, पण खारटपणा गेला नाही. गोठ्यापाशी उभी केली की बैल ती चाटत सुटायचे. भाऊजींना त्याचंही कौतुक. म्हणायचे, "पाय बापू, बैलालेबी समुद्र आवडला."

त्यांचं झालं होतं असं. मुंबईत कापूस विकायला वेळ लागत होता, भाव अजून चढेल म्हणून व्यापारी धरून बसले होते, आणि भाऊजींसारख्या माणसाला गोदामाच्या सावलीत गप्प बसणं शक्य नव्हतं. ते फिरत फिरत मुंबईच्या उत्तरेला एका कोळीवाड्यापाशी गेले. तिथं वाळूचा लांब किनारा होता, आणि कोळ्यांचे काही तरणे गडी होडीची फळी पोटाखाली घेऊन लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत येत होते. भाऊजींनी आयुष्यात पाणी पाहिलं ते विहिरीतलं, नाहीतर नदीचं. पाण्याच्या अंगावर पालथं पडून माणूस हसत हसत येतो, हे पाहून ते जे तिथं बसले ते मुक्काम संपेपर्यंत रोज जात राहिले. जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याशी त्यांची गट्टी जमली. त्याने त्यांना समुद्राची सगळी चाल समजावली आणि निघताना ती फळी दिली. पुढे ती शिकवण भाऊजींनी मला इतक्या वेळा ऐकवली की मी झोपेतही म्हणू शकेन. अमावास्या-पुनवेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी दांडगं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मरतुकडं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो लाटेला समोरून धरतो, म्हणून ती नीट उभी राहते आणि सरळ फुटते. दुपारी वारा समुद्रावरून आला की सगळा नुसता फेस. भरती पार भरली की लाट काठावर येऊन आदळते, तेव्हा फळी टाकायची नाही, तोंडात वाळू जाते. पाणी अर्धं चढलेलं असावं, खालची वाळू सपाट असावी, आणि पहिली लाट कधी घ्यायची नाही... "मांगची घ्याची बापू. मांगची मोठी असते."

तिथीवरून भरती काढता येते एवढं कळल्यावर भाऊजींना अमरावतीत बसून समुद्र दिसू लागला. सकाळी आंघोळ, पंचांग, आणि पारावर उभं राहून आरोळी. "आज तीज! उधान उतरून राहिलं, पन दम हाये. सकाळी वारा भुईचा. लाट छातीएवढी. फळी टाकाले दिवस झकास!" पहिले काही दिवस लोक हसले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आपला कापूस जहाजावरून जातो, जहाज समुद्रावरून जातं, आणि बळीरामजी दलाल आहे. म्हणजे हा उगाच बोलत नाही, भाव सांगतो आहे. झालं! लाट चढली म्हटलं की माणसं माल धरून ठेवायची, लाट पडली म्हटलं की विकायला धावायची. भाऊजी जीव तोडून सांगत, "अरे बाप्पा, मी पान्याचं बोलून राहिलो!" त्यावर लोक एकमेकांना डोळा घालत. पक्का माणूस, उघड कसा बोलेल?

यात सापडले मुनीरचाचा. त्यांचा रुईचा व्यापार होता आणि दुकान पारासमोरच होतं. एका अष्टमीला भाऊजी आपल्या नेहमीच्या थाटात म्हणाले, "आज भांग! पानी मेलं. लाट गुडघ्याएवढीबी नाई. घरी बसा!" चाचांनी घाबरून होता तेवढा माल विकून टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी भाव उसळला. चाचा दुकानातून अनवाणीच उतरून पारावर आले. "बळीराम, सच सांग. तू खुद कधी त्या लाटेवर निजला काय बे?" भाऊजींनी आजवर कधी "मी निजलो" म्हटलं नव्हतं. ते नेहमी "आपण निजायचं" म्हणत, आणि ऐकणारे काय समजायचं ते समजत. खरं म्हणजे कोळीवाड्यात ते गुडघ्यापलीकडे पाण्यात शिरलेच नव्हते. आता उत्तर देणं भाग होतं. ते पागोट्याइतके लाल होऊन ओरडले, "माहंच काय घेऊन बसला! वऱ्हाडातलं कोनीबी निजू शकते!" चाचा म्हणाले, "वऱ्हाडातलं कोनीबी त्या पान्यात फळीवर निजून किनाऱ्याले जित्तं आलं, तं माहा साफा तुहा. नाई आलं तं तुहं पागोटं माहं. आनि हारला थ्यानं जिंदगीभर या बाजारात उघड्या डोक्यानं फिराचं." भाऊजींनी हातावर हात मारला. साक्षीदार म्हणून दोघांनी मला धरलं, कारण चाचांचा माझ्यावर भाऊजींपेक्षा जास्त विश्वास होता.

पुढे आगगाडी आमच्या बाजूला आली आणि पळवाट उरली नाही. वैशाखात आम्ही निघालो... भाऊजी, मी, ती फळी, आणि अक्का. अक्काला शर्तीचं कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की ज्याच्यापायी नवरा रोज बाजारात हसं करून घेतो तो समुद्र आता आपल्याला बघायचा आहे. नदी ओलांडताना तिची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. समुद्र म्हणजे सगळ्या नद्यांचं सासर, म्हणून तिने चांगला खण, तांदूळ, हळकुंड आणि मोठा नारळ बरोबर घेतला होता. आगगाडीत फळीला जागा मिळेना. भाऊजींनी ती आडवी मांडीवर घेतली आणि सगळी वाट आजूबाजूच्या उतारूंच्या गुडघ्यांना ती लागत राहिली.

किनाऱ्यावर सकाळ अगदी भाऊजींच्या वर्णनातली होती. वारा भुईचा, पाणी अर्धं चढलेलं, लाट कमरेच्या वर, सरळ. भाऊजी धोतर खोचून, फळी बगलेत धरून पाण्यात उभे राहिले. एक लाट आली. "ही नाई, मांगची." मागची आली. "ही वाकडी हाये." तिच्या मागची आली. "हिच्यात जोर नाई." मी वाळूवर बसून बघत होतो. ऊन चढत गेलं. इतका अभ्यास केलेला माणूस गुडघाभर पाण्यातून पाऊलभरही पुढे जात नव्हता. मला हसू आलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

इकडे अक्काचं वेगळंच संकट चाललं होतं. तिने घोटाभर पाण्यात उभं राहून हात जोडले, खणात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला. लाट आली आणि तो तिच्या पायाशी परत टाकून गेली. ती थोडी आत गेली, पुन्हा सोडला. पुन्हा परत! पूर्णेत सोडलेली वस्तू गेली ती गेली, ती परत विचारायला येत नाही. अक्काचा चेहरा पडला. "बापू, माही ओटी घेऊन नाई राहिली. माहं काय चुकलं असन?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भाऊजींनी तिथूनच मोठ्या आवाजात समजावलं, "अवं, चुकलं काई नाई! लाट जिथं फुटते थिच्या अलीकडचं सारं काठावर येते. थिच्या पलीकडं नेऊन सोडा लागते!" "मंग न्या ना तुमी." "नेतो ना. ही जाऊ दे, मांगच्या लाटेले..."

अक्काने एकदा नवऱ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे बघितलं. लुगड्याचा कासोटा करकचून ओढला, पदर कमरेला खोचला, भाऊजींच्या बगलेतली फळी ओढून घेतली, तिच्यावर ओटी ठेवली आणि गाभण गाईला ढकलावं तशी ती फळी ढकलत आत निघाली. भाऊजी मागून ओरडत होते, "सरळ धर! टोक वरतं ठेव! अवं, थांब!" छातीभर पाण्यात ती पोचली न पोचली तोच पुढे एक लाट उभी राहिली. नारळ घरंगळणार असं दिसताच अक्का वळली आणि ओटी वाचवायला फळीवर पालथी पडली. मागून लाटेने उचललं. मी उठून उभा राहिलो. फेसाच्या पुढे माझी बहीण येत होती... हनुवटीखाली नारळ, दातांत खणाचं टोक, डोळे गच्च मिटलेले, अंबाडा सुटलेला. सरळ रेषेत, न कलंडता, किनाऱ्यापर्यंत. फळी भाऊजींच्या पायाशी वाळूत घासत थांबली. अक्काने डोळे उघडले, तोंडातलं खारं पाणी थुंकून टाकलं, आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "पाहा! पुन्हा परत आनली!"

भाऊजींना रडावं की नाचावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. "पायली का बापू? मांगचीच व्हती! मी म्हनत नव्हतो, मांगची मोठी असते!" अखेर एका कोळ्याने ती ओटी होडीतून आत नेऊन सोडली आणि अक्काचं समाधान झालं. पण वाळूवर कोळणी जमून हसत होत्या, चार परके पुरुष बघून गेले होते. कोरडं लुगडं नेसून झाल्यावर तिने आम्हा दोघांना समोर बसवलं. "केस मोकळे, लुगडं वलं, पालथी पडून आली मी. हे माह्या जितेपनी बाजारात कोनाच्या तोंडून निघालं तं मी विहीर जवळ करीन. शपथ घ्या." भाऊजी त्या आनंदात होते, लगेच शपथ घेतली. मीही घेतली.

शर्तीची आठवण आम्हाला परतीच्या आगगाडीत झाली. अक्का खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी हळूच म्हणालो, "भाऊजी, आपण तं जिंकलो. पन सांगाव कसं?" ते फळीवर हात फिरवत राहिले. मी म्हटलं, "तुमीच निजले व्हते असं सांगू. मी साक्ष देतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या कापसात पाणी मारलं आहे. "समुद्राबद्दल खोटं बोललो बापू, तं उद्या सकाळी पारावर काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी ते मुनीरचाचांच्या गादीपाशी गेले, पागोटं काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "माह्याच्यानं झालं नाई." चाचांनी भांडणाची तयारी केली होती, ती वाया गेली. ते नुसते पागोट्याकडे बघत बसले. भाऊजी पारावर चढले आणि उघड्या डोक्याने त्या दिवशीची भरती सांगितली. तेव्हापासून आमच्या अमरावतीच्या उन्हात, जिथं म्हैस सावली सोडत नाही, तिथं भाऊजी उघड्या डोक्याने फिरले. व्याही आले, पाहुणे आले, डोक्याकडे बघून विचारू लागले. भाऊजींचं एकच उत्तर, "हवा लागते." अक्काच्या कानावर अर्धवट गोष्ट गेलीच. नवरा लाटेवर निजणार होता, निजला नाही, पागोटं गेलं. ती चिडून म्हणायची, "झेपत नाई थ्या पैजा लावाव काहून मानसानं?" भाऊजी हसत आणि भाकरी मोडत. नेमके शब्द काय होते ते बाजारही विसरून गेला. लढाई संपली, भाव पडले, झुंबरं विकली गेली. लाटेवरून भाव ओळखणारेही पांगले, आणि पारापाशी नुसता समुद्र ऐकायला येणारा एकच माणूस उरला. मुनीरचाचा. दुकान उघडण्याआधी ते विचारत, "आज दर्या कसा हाये बळीराम?"

भाऊजी गेल्यानंतर, तेरावं उरकल्यावर, चाचा घरी आले. हातात स्वच्छ कापडात बांधलेलं ते लाल पागोटं होतं. ओसरीवर बसून म्हणाले, "बहन, हे माह्याच्यानं ठेवून नाई होत आता. शर्त मीच चुकीची लावली. मी म्हटलं व्हतं, वऱ्हाडातलं कोनीबी. पन वऱ्हाडात लाटेवर निजनारा त्या बिचाऱ्यानं कोठून आनाव? खुद घुसला असन पान्यात." दाराआड बसलेली अक्का एकदम सरळ झाली. "कोनीबी म्हटलं व्हतं, मुनीरभाई?" "हो. कोनीबी." मी मान खाली घातली. मग अक्का ती फळी घेऊन बाहेर आली, चाचांच्या पुढे ठेवली आणि म्हणाली, "याच्यावर ठेवा थे पागोटं. मी आली व्हती लाटेवर. नारळासकट." आणि ती मोठ्याने रडू लागली, भाऊजी गेले त्या दिवशीही रडली नव्हती तशी. "थ्या मानसानं इतके वर्स डोक्यावर ऊन घेतलं... माह्या शपथेपायी! आनि मी त्याले बोलत राहिली." चाचांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते हसले, हसता हसता डोळे पुसले, डोक्यावरचा साफा काढून पागोट्याशेजारी ठेवला आणि उघड्या डोक्याने घरी गेले.

आता गेले काही आठवडे मुनीरचाचा बाजारात उघड्या डोक्याने फिरतात. लोक कारण विचारतात. चाचा सांगतात, "हवा लागते." अक्काची लाज त्यांनीही राखली. पण ते अक्काला बघवेना. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "एक मानूस माह्यापायी उघडा गेला, थे पुरे झालं. बापू, तू लिही. जसं झालं तसं लिही. केस मोकळे व्हते थेबी लिही." म्हणून हे लिहिलं आहे. बाजारातल्या मंडळींनी हे वाचावं आणि चाचांना त्यांचा साफा घालायला लावावा, एवढीच विनंती. शर्त भाऊजींनी जिंकली होती, आणि जिंकलेल्याच्या घरून साफा माफ झाला आहे.

फळी ओसरीच्या खांबाला टेकून उभी आहे आणि पागोटं तिच्या वर वळलेल्या टोकावर ठेवलेलं आहे. परवा सकाळी मी तिथंच होतो. चाचा दुकानाकडे जाता जाता दारापाशी थांबले. नुसते खाकरले. आतून चुलीपाशी पंचांगाचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि मग अक्काचा, थोडा अडखळत, पण भाऊजींच्याच चढ्या पट्टीतला...

"आज चौथ हाये, मुनीरभाई. वारा भुईचा. लाट कमरेएवढी. पहिली सोडा, मांगची घ्या."